छप्पर, पाळणाघर, शिफारसपत्र
विज्ञान शिकलेल्या स्त्रियांचं नेतृत्व आणि त्यांचा समाज: एक आढावा

विज्ञान शिकलेल्या स्त्रियांच्या संघटनांचा इतिहास राहत्या घरापासून सुरू होतो. १९२१ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या काही मुलींनी एकत्र राहण्यासाठी घर मिळवलं. त्या घरातून 'सिग्मा डेल्टा एप्सिलॉन' ही संघटना उभी राहिली. पुढे तिला 'ग्रॅज्युएट वीमेन इन सायन्स' हे नाव मिळालं, आणि तरुण संशोधक स्त्रियांना शिष्यवृत्त्या देण्याचं तिचं काम आजही चालू आहे. त्यानंतर बावन्न वर्षांनी, १९७३ मध्ये, मुंबईत 'इंडियन वीमेन सायंटिस्ट्स असोसिएशन' म्हणजे 'इव्सा' स्थापन झाली. नवी मुंबईत वाशीला तिचं मुख्यालय आहे. तिथे व्याख्यानं आणि परिषदा होतात. पण वाशीकरांना ही संस्था प्रामुख्याने माहीत आहे ती नोकरदार महिलांच्या वसतिगृहामुळे आणि पाळणाघरामुळे.

दोन खंडांतल्या, दोन काळांतल्या या संघटनांना एकच गरज आधी जाणवली. प्रयोगशाळेत जागा मिळण्यापूर्वी शहरात राहायला जागा मिळावी लागते, आणि मूल कोण सांभाळणार याचं उत्तर मिळाल्याशिवाय प्रयोग संध्याकाळी सातपर्यंत चालवता येत नाही. या लेखाचं म्हणणं इतकंच आहे, की विज्ञानातल्या स्त्रियांच्या नेतृत्वाचा हिशेब मांडायचा असेल, तर मागून येणारीसाठी काय उभं करून ठेवलं हे आधी पाहावं. पुरस्कार, पदं आणि 'पहिली स्त्री' असण्याचे मान त्यानंतर येतात. हा हिशेब रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातल्या मोरा बंदरासारख्या ठिकाणाहून मांडला, तर त्यातली जमा आणि बाकी दोन्ही स्पष्ट दिसतात.

महाराष्ट्राला हे सूत्र परकं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते शाळा आणि निवारा दोन्ही होतं. धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमातून आणि पुढे हिंगण्याच्या कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं. म्हणजे विद्यापीठाच्या वीस वर्षं आधी वसतिगृह आलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतलं, तिथून त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या जिद्दीची गोष्ट आपण मुलींना सांगतो. त्या घराची गोष्टही सांगायला हवी, कारण जिद्द शिकवता येत नाही, घर मात्र बांधता येतं.

घरातच प्रयोगशाळा असलेल्या मुली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानात पुढे आलेल्या मराठी स्त्रियांची चरित्रं एकत्र वाचली, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरात विज्ञान आधीच वस्तीला होतं.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला आणि तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर जाचक अटींवर, वर्षभर पारख होईल या बोलीवर, त्यांना प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींतल्या 'सायटोक्रोम सी' या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम केलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. बंगळूरच्या दारात उभं राहून वाद घालण्याचं बळ त्यांच्या स्वभावात होतं, यात शंका नाही. पण ही संस्था काय आहे, तिथे काय शिकायला मिळतं, आपला हक्क कुठे डावलला जातो आहे, हे सगळं घरात बोललं जात होतं, म्हणून ते बळ नेमक्या जागी लागलं.

कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचंही तसंच. वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. १९१७ मध्ये जन्मलेल्या कमलताईंनी मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्याकडे कर्करोगावर संशोधन केलं, १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि परत येऊन भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पती गणिती होते.

यात त्यांच्या कर्तृत्वाला कमीपणा येत नाही. पण एक प्रश्न उभा राहतो. ज्या मुलीचे वडील फर्ग्युसनमध्ये शिकवत नाहीत, ज्या मुलीच्या काकांनी टाटा संस्थेचं नावही ऐकलेलं नाही, तिला ही माहिती, ही ओळख आणि हा भरवसा कुठून मिळणार? पहिल्या पिढीला जे घराने दिलं ते पुढच्या पिढीला संघटित समाजाने द्यायचं असतं. विज्ञानातल्या स्त्रियांनी संघटना का बांधायची, याचं सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे.

१९६६ आणि १९७३

त्या उत्तराचे दोन प्रयोग मुंबईत सात वर्षांच्या अंतराने झाले.

पहिला १९६६ चा. मुंबईतल्या काही स्त्रियांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही ग्राहकांची संघटना स्थापन केली. कमला सोहोनी तिच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. तोवर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून नावारूपाला आल्या होत्या. नीरा, डाळी आणि गोरगरिबांच्या आहारातल्या अन्य पदार्थांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं होतं. त्याच संस्थेचं संचालकपद त्यांना योग्यता असूनही फार उशिरा मिळालं. या बाईंनी ग्राहक संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकात लेख लिहिले आणि अन्नातली भेसळ घरच्या घरी ओळखण्याच्या पद्धतींवर काम केलं. रसायनशास्त्राचं ज्ञान हळदीत, दुधात, तेलात घातलेली भेसळ पकडण्यासाठी वापरायचं, आणि तेही एकटीने व्याख्यान देऊन न थांबता संघटनेच्या बळावर, हे नेतृत्वाचं एक स्वच्छ उदाहरण आहे.

दुसरा प्रयोग १९७३ चा, म्हणजे इव्साचा. कमल रणदिवे तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. तेव्हा त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचं संचालकपद सांभाळून झालेल्या, ज्येष्ठ शास्त्रज्ञ होत्या. एवढ्या पदावरच्या बाईंना स्वतःसाठी संघटनेची गरज नव्हती. ती गरज त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या, लग्न झाल्यावर गाव बदलणाऱ्या, बाळंतपणानंतर परत येऊ न शकणाऱ्या मुलींची होती. संघटनेने मुंबईबाहेर पुणे, नागपूर, कोल्हापूर, अमरावती अशा ठिकाणी शाखा काढल्या, विज्ञानप्रसाराचे कार्यक्रम घेतले, विद्यार्थिनींना आर्थिक मदत केली आणि वाशीला वसतिगृह, पाळणाघर, ग्रंथालय, आरोग्यकेंद्र अशा सोयी एका आवारात आणल्या.

निवृत्तीच्या सुमारास कमलताई अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर परिसरात गेल्या. तिथे सत्यनिकेतन संस्थेच्या सोबतीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, आणि इव्साच्या वतीने त्या भागातल्या स्त्रियांसाठी आरोग्य आणि पोषण यांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. परळच्या प्रयोगशाळेतून राजूरला जाण्यात त्यांना उतरण वाटली नाही. संशोधकाचं शिस्तीचं डोकं कुपोषणाच्या प्रश्नाला लावलं, तर काय साधतं हे त्यांनी दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली राजूरची वर्षं अधिक मोलाची वाटतात, कारण त्या वर्षांनी 'वैज्ञानिक स्त्रियांचा समाज' या कल्पनेत ज्या कधी पदवीधर होणार नव्हत्या अशा स्त्रियांनाही जागा दिली.

या दोघींनी दोन वाटा आखून दिल्या. सोहोनींनी ज्ञान घराघरात नेलं, रणदिव्यांनी संस्था बांधली. १९८० नंतरच्या पिढीने तिसरी वाट काढली: प्रश्न मोजायचा, आकड्यांनिशी मांडायचा आणि उत्तर संस्थांकडे मागायचं.

मोजणाऱ्या बायका

या तिसऱ्या वाटेचं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे रोहिणी गोडबोले. १९५२ मध्ये पुण्यात जन्म, स. प. महाविद्यालयात बी.एस्सी., पवईच्या आयआयटीतून एम.एस्सी., अमेरिकेत स्टोनी ब्रुकला १९७९ मध्ये पीएच.डी. पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापन आणि १९९५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मूलकणांच्या भौतिकीवर काम. कमला भागवतांना जिथे आधी प्रवेश नाकारला गेला, त्याच संस्थेत साठ वर्षांनी त्या प्राध्यापक झाल्या.

२००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांची छोटी चरित्रं आणि आत्मकथनं त्यात आहेत. अशा पुस्तकाचा उपयोग केवळ स्फूर्तीपुरता नसतो. कोणी कुठे शिकलं, मार्गदर्शक कसा मिळाला, नवऱ्याची बदली झाल्यावर काय केलं, ही सगळी व्यावहारिक माहिती त्यात असते. वैज्ञानिकाच्या घरात जन्मलेल्या मुलीला जी जेवणाच्या पानावर ऐकायला मिळते तीच.

भारतीय विज्ञान अकादमीच्या स्त्रीविषयक समितीत गोडबोले अग्रभागी होत्या. अकादमी आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी मिळून २०१० मध्ये पीएच.डी. झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रिया घरसंसारामुळे विज्ञान सोडतात ही सर्वमान्य समजूत त्याने हलवली. संसाराचा भार खराच, पण नोकरी न मिळणं, जागाच नसणं, संस्थांचं वेळापत्रक आणि निवडीची पद्धत या गोष्टींचाही वाटा मोठा होता. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष संसाराचा मानला, तर उपाय त्या बाईने शोधायचा असतो. दोष रचनेचा असला, तर उत्तर संस्थेने द्यायचं असतं.

त्यानंतरच्या हालचाली याच दिशेच्या आहेत. २०१७ मध्ये इंडियन फिजिक्स असोसिएशनमध्ये भौतिकीतल्या लिंगभावाचा विचार करणारा कार्यगट स्थापन झाला. २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात त्याची मोठी परिषद झाली आणि तिच्यातून संस्थांनी पाळायच्या गोष्टींची 'हैदराबाद सनद' निघाली. २०२० मध्ये दोन तरुण जीवशास्त्रज्ञ स्त्रियांनी 'बायसवॉच इंडिया' सुरू केलं. भारतातल्या वैज्ञानिक परिषदांत वक्ते किती आणि त्यात स्त्रिया किती, एवढी साधी नोंद ठेवून ती जाहीर करायची, हे त्याचं काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोहिणीताई गेल्या, तोवर त्यांनी लावलेली मोजण्याची सवय तरुण मुलींनी उचलली होती.

आकडे काय सांगतात

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, मुलगे २७.४ लाख. म्हणजे विज्ञानाच्या वर्गात मुली निम्म्याहून अधिक आहेत. दुसऱ्या बाजूला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आकडेवारी सांगते, की २०१८ च्या सुमारास देशातल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचा वाटा १६.६ टक्के होता. जगाची सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास आहे. भटनागर पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री असीमा चॅटर्जी, १९६१ मध्ये. त्यानंतरच्या साठ वर्षांत पाचशेहून अधिक मानकऱ्यांत स्त्रिया विसाच्या आसपासच राहिल्या.

मुलींना विज्ञानाची गोडी लावा, हे आवाहन या आकड्यांपुढे अपुरं ठरतं. गोडी लागलेली आहे. वर्गापासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता मात्र मोडलेला आहे.

रस्ता दुरुस्त करता येतो, याचाही पुरावा आहे. आयआयटींच्या बी.टेक. वर्गांत २०१६ मध्ये मुली आठ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पर्यंत प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं. चार वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नाही, नियम बदलला.

सरकारच्या योजनांचा हिशेब मिश्र आहे. २००२-०३ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी 'वुमन सायंटिस्ट्स स्कीम' आणली. ती पुढे 'किरण' या छत्राखाली आली. घरी बसलेल्या अनेक पीएच.डी. आणि एम.एस्सी. स्त्रियांना तिने पुन्हा प्रयोगशाळेत आणलं आणि काहींना पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण दिलं. पण ही मदत ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाची असते. मुदत संपल्यावर पुढे पद नसेल, तर ती बाई पुन्हा होती तिथेच येते, आता वयाने मोठी होऊन. २०१६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली. २०१७ च्या प्रसूतीलाभ कायद्यातील दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. २०२० मध्ये आलेल्या 'गति' या उपक्रमाने ब्रिटनच्या 'अथीना स्वान' सनदेच्या धर्तीवर संस्थांनाच तपासायला सुरुवात केली. मागची वीस वर्षं स्त्रीला दुरुस्त करण्याकडून संस्थेला दुरुस्त करण्याकडे गेली आहेत, आणि ही वाटचाल योग्य आहे.

मोऱ्यावरून पाहिलं तर

आता हा सगळा नकाशा उरणच्या बाजूने पाहू. मोरा बंदरासमोर उत्तरेला घारापुरी आणि तिच्या पलीकडे, सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटरवर, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र. वाशीला इव्साचं आवार. खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था. कमल रणदिव्यांनी जिथे आयुष्य घालवलं त्या परळच्या संशोधन केंद्राचीच ती वारस, २००२ मध्ये इथे आलेली. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था, जिच्या संचालकपदी २००५ ते २०१० अर्चना भट्टाचार्य होत्या, आणि जिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून याच रायगड जिल्ह्यात पृथ्वीचं चुंबकत्व मोजते आहे. कमलताईंनी उभारलेल्या कामाच्या दोन्ही शाखा, संशोधनाची आणि संघटनेची, आज नवी मुंबईत आहेत. मोऱ्याची मुलगी विज्ञानापासून दूर राहते असं अंतराच्या हिशेबाने कोणी म्हणू शकणार नाही.

पण तिचा दिवस वेगळा हिशेब सांगतो. भाऊच्या धक्क्याला जायचं तर लाँच, आणि मोऱ्याला गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. फेऱ्या तासन्‌तास थांबतात. वादळी हवेत त्या बंदच असतात. एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ठेवली जात नाहीत. रस्त्याने जायचं तर बंदराच्या कंटेनरवाहतुकीतून वाट काढावी लागते. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वे सुरू झाली आणि अटल सेतूही त्याच दिवशी खुला झाला. नेरूळला गाडी बदलून वाशी, कुर्ला गाठता येऊ लागलं. या तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी गेल्या अनेक वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट असेल, जरी रेल्वेच्या कागदांत तिची नोंद तशी होणार नाही.

इथली विज्ञान पदवीधर स्त्री कोण आहे? ती बहुतेकदा आगरी, कोळी किंवा कराडी घरातली, घराण्यातली पहिली पदवीधर. बंदर, वायू प्रकल्प, सिडको यांच्यासाठी जमिनी गेलेल्या गावांतली. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयात किंवा पनवेलला बी.एस्सी. झालेली. आज ती तळोज्याच्या एखाद्या औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, रुग्णालयात रक्ताचे नमुने तपासते, शाळेत विज्ञान शिकवते, किंवा घरी शिकवण्या घेते. देशाच्या 'संशोधक' या रकान्यात तिची गणती होत नाही. स्त्री-वैज्ञानिकांच्या परिषदांत तिला बोलावणं येत नाही. मात्र विज्ञान शिकलेल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक संख्या तिच्यासारखींचीच आहे.

आतापर्यंतच्या चळवळीची मोठी बाकी इथे आहे. पहिल्या पिढीच्या स्त्रिया बहुतांशी शहरी, उच्चवर्णीय, शिकलेल्या घरातल्या होत्या. त्यांनी बांधलेल्या संघटनांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत, शहरांत आणि पीएच.डी. झालेल्यांभोवती राहिला. यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती. आपल्याला जे माहीत असतं त्याभोवतीच माणूस संघटना बांधतो. पण आज वर्गात बसलेल्या २९.८ लाख मुलींत फर्ग्युसनच्या प्राध्यापकांच्या मुली किती असणार? बहुसंख्य मुली अशा घरांतून आल्या आहेत, जिथे संशोधन हा पोटापाण्याचा व्यवसाय असू शकतो हे कोणी सांगितलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं, हे चांगलंच झालं. साध्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलीची अडचण निराळी असते. तिला खर्च येतो तो राहण्याचा आणि येण्याजाण्याचा. आणि तिच्याकडे नसते ती खबर: कोणती प्रवेशपरीक्षा कधी आहे, उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज कसा करतात, शिफारसपत्र कोणाकडे आणि कसं मागतात.

शिफारसपत्राबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. संशोधनाच्या जगात परीक्षेतल्या गुणांइतकंच वजन या एका पानाला असतं. ते लिहिणाऱ्याने त्या मुलीला ओळखावं लागतं, आणि ज्याच्याकडे पत्र जाणार त्याने लिहिणाऱ्याला ओळखावं लागतं. ओळखीची ही साखळी काही घरांत जन्मतःच मिळते. जिथे मिळत नाही तिथे ती घडवणं हे संघटनेचं काम आहे. एका ज्येष्ठ बाईने वर्षाला तालुक्यातल्या पाच मुलींना नीट ओळखलं, त्यांचं काम पाहिलं आणि पत्रं लिहिली, तर दहा वर्षांत त्या तालुक्याचा चेहरा बदलेल.

काय उभं करता येईल

उरणला एकत्र येण्याची रीत नव्याने शिकवावी लागणार नाही. करंज्याच्या मच्छीमारांची सहकारी संस्था याच तालुक्यात आहे, आणि मासळीबाजारात कोळणी एकमेकींची बाजू कशी धरतात हे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलीने लहानपणापासून पाहिलेलं असतं. याच पायावर पदवीधर स्त्रियांचा तालुक्याचा गट उभा राहू शकतो. त्यात पीएच.डी.ची अट नसावी. विज्ञानाची पदवी पुरे. कारखान्यातली केमिस्ट, शाळेतली बाई, रक्तपेढीतली तंत्रज्ञ आणि तुर्भ्याहून निवृत्त झालेली वैज्ञानिक एका यादीत याव्यात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी दोन तास बसायला जागा मिळावी. तिथे प्रवेशपरीक्षांची आणि शिष्यवृत्त्यांची माहिती मराठीत लावलेली असावी, अर्ज भरून घ्यावेत, मुलाखतीची तयारी करून घ्यावी.

वाशीच्या संघटनेने आपल्या शाखांचं जाळं शहरांकडून तालुक्यांकडे न्यावं. राजूरला ज्यांच्या संस्थापिका गेल्या होत्या, त्यांना उरण लांब नाही. खारघर आणि पनवेलच्या संशोधन संस्थांनी दरवर्षी उन्हाळी प्रशिक्षणाच्या काही जागा रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी राखाव्यात. विषयही या किनाऱ्याचेच घेता येतील: खाडीतल्या माशांचं प्रमाण, पाणजेसारख्या पाणथळीतले पक्षी, पिण्याच्या पाण्याची तपासणी. १९८३ मध्ये सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर गेलेल्या नागपूरच्या अदिती पंत या सागरवैज्ञानिकच होत्या. समुद्राचं विज्ञान शिकण्यासाठी मोऱ्याच्या मुलीहून अधिक हक्काची उमेदवार कोण असेल?

पैशाची सबब इथे चालणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी द्यावे लागतात, आणि देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे प्रकल्प उरणमध्ये आहेत. एका शाळेला संगणक, एका गावाला कमान अशा सुट्या देणग्यांपेक्षा विज्ञान शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वाशी किंवा खारघरला एक वसतिगृह आणि उरणला एक चांगलं पाळणाघर उभं करावं. ज्या गावांच्या जमिनींवर हे प्रकल्प उभे आहेत, त्या गावांच्या लेकींचा हा हक्क आहे.

स्त्रिया उच्चपदी पोचत आहेत, हेही या आढाव्यात नोंदवायलाच हवं. २०२० मध्ये चंद्रिमा शहा भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, २०२२ मध्ये नल्लथंबी कलैसेल्वी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. निर्णयाच्या खुर्चीवर स्त्री बसली, की पाळणाघराचा विषय बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांतून वर येण्याची शक्यता वाढते. पण खुर्ची मिळाल्याने ते आपोआप होत नाही. त्या खुर्चीला खालून प्रश्न विचारणारा संघटित समाज लागतो, आणि तो तालुक्यातालुक्यांत असावा लागतो.

म्हणून विज्ञानातल्या स्त्रियांच्या प्रत्येक संघटनेने, विभागाने आणि संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात चार ओळी आधी छापाव्यात: या वर्षी किती जणींना राहायला खोली मिळाली, किती मुलं पाळणाघरात आली, घराण्यातल्या पहिल्या पदवीधर असलेल्या किती मुलींना आम्ही शिफारसपत्रं दिली, आणि खंड पडल्यानंतर परत आलेल्या किती जणींना कायम पद मिळालं. आनंदीबाईंपासून रोहिणीताईंपर्यंत आपल्याकडे मोठ्या स्त्रियांची कधीच वानवा नव्हती. यापुढची मोठी स्त्री उरणच्या एखाद्या घरातून यायची असेल, तर त्या चार ओळींतले आकडे वाढवणं हे आज विज्ञानात असलेल्या प्रत्येकीचं आणि प्रत्येकाचं काम आहे.